सी लिंक आणि अटल सेतूवर जायच्या आधी फास्टॅगचं काय काय घरीच बघून ठेवायचं

हे रोज सी लिंकवरून ऑफिसला जाणाऱ्यांसाठी नाहीये, त्यांना यातलं बरंचसं पाठ असतं. गाडी महिन्यातून एकदा बाहेर काढणारे, पुण्या-नाशिकवरून दवाखान्याच्या किंवा एअरपोर्टच्या कामाला मुंबईत येणारे, नुकतीच पहिली गाडी घेतलेले, आणि घरातले मोठे ज्यांच्या गाडीला टॅग मुलाने लावून दिलाय पण त्याचं पुढे काय करायचं ते सांगितलंच नाही, अशा सगळ्यांसाठी लिहितोय. कारण नाक्यावर अडकतात ती हीच माणसं, आणि मागे हॉर्नचा गोंधळ चालू असताना घाबरून डबल पैसे भरून मोकळी होतात.

पुलावरचा टोल आणि हायवेचा टोल यात एक मोठा फरक आहे आणि बाकी सगळं त्यावरच उभं आहे. हायवेला नाक्याच्या आधी ढाबा असतो, पंप असतो, गाडी बाजूला घेऊन निवांत रिचार्ज मारता येतो, नेट नसेल तर पुढे जाऊन बघता येतं. पुलावर ती सोय नाही. सी लिंकचा नाका बांद्र्याच्या टोकाला आहे, म्हणजे वरळीकडून आलात तर आधी अख्खा पूल पार करायचा आणि मग टोल द्यायचा, तिथे पोचल्यावर "राहू दे, माहीमने जातो" असं म्हणता येत नाही. त्यात आता कोस्टल रोड थेट सी लिंकला जोडलाय, मरीन ड्राइव्हला बोगद्यात शिरलात की वरळीच्या आधी बाहेर पडायला हाजी अली वगैरेचे फाटे आहेत, ते सोडले की गाडी सरळ पुलावर आणि पुलावरून सरळ नाक्यावर. एकही सिग्नल नाही थांबून मोबाइल बघायला. अटल सेतूचं तर विचारूच नका, शिवडी ते न्हावा शेवा २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर, आणि पुलावर गाडी थांबवायला बंदी. म्हणून टॅगचं जे काही बघायचं ते गाडीची किल्ली हातात घ्यायच्या आधी, घरच्या वायफायवर बसून बघायचं.

आधी नियम काय आहे ते थोडक्यात. राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे हे सगळ्यांना माहितीये, पण सी लिंक, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे हे राज्याचे रस्ते, एमएसआरडीसीचे म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे, त्यामुळे तिथे बरीच वर्षं रोख पैसेही चालायचे. उलट जानेवारी २०२१ मध्ये लोकांनी टॅग लावावा म्हणून एमएसआरडीसीने सी लिंक आणि एक्स्प्रेसवेवर कारवाल्यांना ५ टक्के कॅशबॅक दिला होता. मग जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०२५ पासून इथेही सक्ती झाली, टॅग नाही किंवा टॅग चालत नाही तर दुप्पट टोल. पुण्यातून याविरुद्ध हायकोर्टात याचिकाही गेली होती, कोर्टाने ती फेटाळली. त्यामुळे आता "आम्हाला माहिती नव्हतं" याला काही अर्थ उरलेला नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा कारण यात भल्याभल्यांचा गोंधळ होतो. १५ नोव्हेंबर २०२५ पासून नॅशनल हायवेवर असा नियम आला की टॅग चालला नाही आणि तुम्ही यूपीआयने भरलंत तर सव्वापट, रोख दिलेत तर दुप्पट. बातमी सगळीकडे फिरली आणि लोक सी लिंकच्या नाक्यावर फोन पुढे करून सव्वापट मागायला लागतात. तो नियम नॅशनल हायवेचा आहे. राज्याच्या निर्णयात रोख, कार्ड, यूपीआय काहीही द्या, दुप्पटच म्हटलंय. कारला सी लिंकचे एका बाजूचे १०० रुपये आहेत (१ एप्रिल २०२४ पासून, ३१ मार्च २०२७ पर्यंत हाच दर), म्हणजे टॅग बंद असेल तर २०० गेले.

आता कुठे टोल आहे आणि कुठे नाही. मुंबईच्या पाच एन्ट्री पॉइंटना, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन्ही, ऐरोली आणि वाशी, १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून कार वगैरे हलक्या गाड्यांना टोल नाही. कोस्टल रोडला टोल नाही, त्यातल्या प्रियदर्शिनी पार्क ते गिरगाव चौपाटी या दोन किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यालाही नाही, बोगदा आहे म्हणून लोक उगाच विचारत बसतात. टोल आहे तो सी लिंकला आणि अटल सेतूला. अटल सेतूला कारचे एका बाजूचे पूर्ण अंतराचे २५० असा दर २०२४ ला पूल सुरू होतानाच ठरला, शिवडीहून चढून शिवाजीनगरला म्हणजे उलव्याकडे उतरलात तर २००. पुण्याहून येणाऱ्यांनी एक्स्प्रेसवेचे ३२० त्यात धरायचे, म्हणजे नुसत्या या दोन ठिकाणचे एका बाजूचे ५७० झाले आणि येऊन जाऊन हजाराच्या वर. टॅगमध्ये ४०० रुपये टाकून "पुरतील" म्हणत निघणाऱ्यांचा हिशोब इथेच चुकतो.

तर घरी बसून पहिलं काम म्हणजे टॅग जिवंत आहे का ते बघणं. बॅलन्स बघणं आणि टॅग जिवंत आहे का बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय. बॅलन्स ८०० असतो आणि टॅग ब्लॅकलिस्ट असतो, म्हणजे बंद टॅगच्या यादीत टाकलेला असतो, असं होऊ शकतं आणि होतं. केवायसी अर्धवट असेल, गाडीची कागदपत्रं बँकेकडे जुळत नसतील, त्याच गाडीवर दुसरा टॅग निघालेला असेल, कारणं बरीच आहेत. एनपीसीआय, म्हणजे यूपीआय आणि फास्टॅगची यंत्रणा चालवणारी संस्था, तिच्या वेबसाइटवर फास्टॅगचं स्टेटस बघायची सोय आहे, तिथे गाडीचा नंबर टाकला की त्या गाडीवर कुठल्या बँकेचा टॅग आहे आणि तो चालू आहे की नाही ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. गाडी रोज बाहेर काढत नसाल तर प्रत्येक लांबच्या फेरीच्या आदल्या दिवशी हे करा, आणि आई-वडिलांची गाडी असेल तर त्यांच्या गाडीचा नंबर टाकून तुम्हीच बघून द्या.

तिथे दोन टॅग दिसले तर समजा की आधी कधीतरी एका बँकेचा घेतला आणि नंतर डीलरने किंवा पंपावरच्या पोराने दुसरा चिकटवून दिला. एक गाडी एक टॅग हा नियम आहे, शेवटी घेतलेलाच चालू राहतो, आधीचा बंद होतो. पण बंद झालेला टॅग काचेवर तसाच राहिला तर वाचणाऱ्या मशीनला दोन्ही दिसतात आणि उगाच लफडं होतं, म्हणून जुना खरवडून काढून टाका. ज्यांच्याकडे पेटीएम पेमेंट्स बँकेचा टॅग होता त्यांनी तर १५ मार्च २०२४ नंतर त्यात पैसे भरणं शक्यच नाही, शिल्लक होती तेवढी वापरता येत होती बस. अजूनही कोणाच्या काचेवर तोच असेल तर आज दुसऱ्या बँकेचा काढा. कारच्या टॅगला जास्तीत जास्त १०० रुपये टॅगचे आणि साधारण २०० डिपॉझिट, वर थोडा बॅलन्स, एवढंच लागतं, आणि डिपॉझिट टॅग बंद केल्यावर परत मिळतं.

टॅग पाच वर्षांहून जुना असेल तरी तो बदलायचाच आहे, २०२४ च्या नियमातच तसं आहे, आणि ज्यांनी २०१९-२०२० च्या धावपळीत टॅग घेतले ते सगळे या हिशोबात येतात.

नवीन गाडीवाल्यांचं वेगळंच असतं. शोरूममधून गाडी निघते तेव्हा नंबर आलेला नसतो म्हणून टॅग चासी नंबरवर काढलेला असतो. नंबर आला, प्लेट बसली, पेढे वाटले, आणि टॅगवर नंबर टाकायचं राहून गेलं. ९० दिवसांत गाडीचा नंबर टॅगला जोडला नाही तर टॅग आधी हॉटलिस्ट म्हणजे तात्पुरता बंद होतो आणि पुढच्या ३० दिवसांनंतर ब्लॅकलिस्ट. डीलर करेल या भरवशावर राहू नका, तुमच्या नावावर आहे ते. बँकेच्या फास्टॅग अॅपमध्ये आरसी अपलोड करायचा पर्याय असतो, आरसी हातात आली की त्याच दिवशी करून टाका.

आता रिचार्ज. कुठल्याही यूपीआय अॅपमध्ये फास्टॅग रिचार्ज म्हणून मिळतं, तिथे आधी बँक निवडायची, मग गाडीचा नंबर टाकायचा, की गाडीमालकाचं नाव येतं. ते नाव वाचा. नंबरातला एक आकडा चुकला तर पैसे भलत्याच माणसाच्या टॅगमध्ये जातात आणि मग ते परत मिळवणं म्हणजे बँकेच्या मागे लागणं. आणि बँक कुठली ते काचेवरच्या टॅगवर छापलेलं असतं, आठवणीवर जाऊ नका.

रिचार्ज कधी करायचा हे त्याहून महत्त्वाचं. १७ फेब्रुवारी २०२५ पासून एनपीसीआयचा नियम आहे की टॅग नाक्यावर वाचला जायच्या आधी ६० मिनिटांहून जास्त वेळ ब्लॅकलिस्टमध्ये असेल आणि वाचल्यानंतर १० मिनिटांनीही तसाच असेल, तर तो व्यवहार नाकारला जातो. नंतर एनएचएआयने, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने, सांगितलं की हा नियम बँकांच्या आपसातल्या हिशोबाचा आहे आणि नॅशनल हायवेच्या नाक्यांवर टॅगचं स्टेटस तत्काळ अपडेट होतं. पण त्याच खुलाशात हेही होतं की राज्यांचे काही रस्ते अजून जुन्या पद्धतीवर आहेत, जिथे नाक्यावरच्या मशीनकडे ठराविक वेळाने यादी येते. म्हणजे तुम्ही रांगेत उभं राहून पैसे भरलेत, बँकेचा मेसेजही आला, तरी नाक्यावरच्या यादीत तुम्ही अजून थकबाकीदारच असू शकता. आपला पूल कुठल्या पद्धतीवर आहे याचा शोध घेत बसण्यापेक्षा साधा नियम ठेवा, रिचार्ज आदल्या रात्री. दुसरा उपाय ऑटो रिचार्ज, रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२४ मध्ये यासाठी परवानगी सोपी केलीये, बॅलन्स ठरवलेल्या रकमेच्या खाली गेला की खात्यातून आपोआप भरतो, दरवेळी आधी कळवायची अटही काढली. ज्यांना मोबाइलची खटपट जमत नाही त्यांच्यासाठी ही सगळ्यात चांगली सोय आहे, एकदा लावून द्यायचं आणि विसरायचं. फक्त मर्यादा ५०० च्या आसपास ठेवा, १०० ठेवलीत तर अटल सेतूला नाही पुरणार.

आणि तो अॅन्युअल पास. १५ ऑगस्ट २०२५ ला ३००० रुपयांना सुरू झाला, खाजगी कारला वर्षभर किंवा २०० फेऱ्या यातलं जे आधी संपेल ते. चांगली योजना आहे, हायवेला सारखे जाणाऱ्यांनी जरूर घ्यावी. पण हा पास फक्त नॅशनल हायवे आणि नॅशनल एक्स्प्रेसवेवर चालतो. सी लिंक, अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी, यातल्या एकालाही तो लागू नाही, तिथे टॅगच्या बॅलन्समधूनच पैसे कटतात. पास घेतल्यावर बरेच जण बॅलन्स भरणं सोडून देतात, "वर्षाचे भरलेत ना एकदम", आणि मग नाशिकवरून आरामात पडघा वगैरे पार करत आलेला माणूस बांद्र्याला येऊन डबल भरतो. पासचे पैसे म्हणजे टॅगमधले पैसे नव्हेत. घरात कोणी पास घेतला असेल तर हे एक वाक्य त्यांना आजच सांगा.

आता टॅग काचेवर नीट लावलाय का. हे क्षुल्लक वाटतं पण "स्कॅन होत नाहीये" या तक्रारीतल्या कितीतरी तक्रारी इथल्याच असतात. टॅगमध्ये बॅटरी नसते, नाक्यावरच्या मशीनमधून येणाऱ्या रेडिओ लहरींवरच त्यातली चिप जागी होते आणि आपला नंबर परत पाठवते, त्यामुळे मध्ये धातू आला की संपलं. जागा काचेच्या आतून, वरच्या बाजूला, मधोमध, रिअरव्ह्यू आरशाच्या मागे. काही गाड्यांच्या काचेला उन्हाचा ताप कमी करणारा धातूचा पातळ थर असतो, अशा काचेत आरशाजवळ बारीक काळ्या ठिपक्यांचा एक पट्टा सोडलेला असतो, टॅग तिथेच लावायचा, इतरत्र लावलात तर लहर आतच येणार नाही. धातूवाली सनफिल्म असेल तरी तेच. लावायच्या आधी काच कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा, ओली नको, मागचा कागद सोलून एका कडेपासून हळूहळू दाबत न्या म्हणजे आत हवेचे बुडबुडे राहत नाहीत. एकदा लावला की हात लावू नका. टॅगच्या आत चांदीसारखी दिसणारी बारीक अँटेना असते, सोलून काढायला गेलात की ती तुटते आणि तोच टॅग पुन्हा चिकटवला तरी वाचला जात नाही. ही अडचण येते काच बदलल्यावर. आमच्या सोसायटीत एकाच्या गाडीची काच दगड लागून तडकली, गॅरेजवाल्याने नवीन काच बसवली आणि जुन्या काचेवरचा टॅग सोलून प्रेमाने नवीन काचेवर लावून दिला, दिसायला अगदी जसाच्या तसा. नाक्यावर काही केल्या वाचेना. काच बदलली की बँकेकडून रिप्लेसमेंट टॅग मागवायचा, खातं आणि बॅलन्स तोच राहतो, स्टिकर फक्त नवीन येतो. काच बदलायला टाकतानाच मागवला तर बरं, कुरियरला दिवस जातात.

टॅग न चिकटवता डॅशबोर्डवर टाकून ठेवणं किंवा नाका आला की हातात धरून दाखवणं, हे आता पूर्ण बंद करा. जुलै २०२५ मध्ये एनएचएआयने अशा सुट्या टॅगवाल्यांना ब्लॅकलिस्ट करायचं जाहीर केलंय. दोन गाड्यांना एक टॅग फिरवणारे यात पकडले जातात आणि पकडले जायलाच हवेत, पण आळसाने टॅग ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवणारा साधा माणूसही त्यात जातो.

नाक्यावर जाताना पुढच्या गाडीला चिकटून जाऊ नका. घाईत बंपरला बंपर लावून उभं राहिलं की मशीन पुढच्याच्या आधी तुमचा टॅग वाचू शकतं, पुढच्याचा टोल तुमच्यातून गेला आणि दांडा त्याच्यासाठी उघडला, मग तुमच्यावेळी मशीन गप्प. एक गाडी मावेल एवढं अंतर ठेवा, वेग कमी ठेवा. अटल सेतूला ओपन रोड टोलिंग आहे, गाडी उभी न करता वरच्या कमानीवरची मशीन टॅग वाचतात, तिथे कोणी थांबवून सांगणार नाही की टॅग चालला नाही, म्हणून तर स्टेटस आधी बघायचं. नंबरप्लेटही सरळ, स्वच्छ आणि वाचता येईल अशी ठेवा, आता सगळीकडे कॅमेरेही आहेत.

आणि सगळं करूनही अडकलात तर? पहिली गोष्ट, रिव्हर्स घेऊ नका, मागे रांग आहे, अपघात होतात. दांड्यापाशीच उभं राहून काच खाली करा आणि तिथल्या माणसाला शांतपणे सांगा की हातातल्या मशीनने वाचून बघा, बरेचदा वरच्या मशीनने न वाचलेला टॅग हातातल्या मशीनने वाचला जातो. तोवर तुम्ही किंवा शेजारी बसलेल्याने मोबाइलवर स्टेटस काढून ठेवायचं. टॅग चालू आहे, बॅलन्स आहे, तरी वाचला जात नाही असं झालं आणि शेवटी डबल भरायची वेळ आलीच तर भरा, पण पावती घ्या, तिच्यावर लेन नंबर आणि वेळ आहे ना ते बघा, आणि त्याच वेळचा बॅलन्सचा स्क्रीनशॉट काढा. बूथमध्ये बसलेल्या पोराशी भांडून काहीही होत नाही, त्याच्या हातात काही नसतं, बारा बारा तास धुरात बसलेला असतो तो. नॅशनल हायवेवर मात्र एक नियम तुमच्या बाजूने आहे, टॅग चालू आहे, पैसे आहेत आणि नाक्याचंच मशीन बंद आहे, तर एक पैसा न देता शून्य रुपयाची पावती घेऊन पुढे जायचा हक्क आहे, २०१८ पासून. सी लिंकला जाऊन हा नियम दाखवू नका, तो तिथला नाही.

टोल कटला की एसएमएस येतो, तो वाचायची सवय लावा. रक्कम बघा आणि ठिकाण बघा. सी लिंकला कारचे १०० आणि टेम्पो-मिनीबसचे १६०, तर १६० कटले म्हणजे तुमची गाडी चुकीच्या वर्गात नोंदली गेलीये. कारचा टॅग जांभळा असतो, तुमच्या कारला दुसऱ्या रंगाचा असेल तर काढतानाच चूक झालीये आणि प्रत्येक नाक्यावर तुम्ही जास्त भरताय. त्याच दिवशी परत येणार असाल तर सी लिंकला येऊन-जाऊन दीडपट दर आहे, म्हणजे १५०, अटल सेतूला येऊन-जाऊन ३७५, त्यामुळे दोन्ही एसएमएस जोडून बघा. रोज जाणाऱ्यांसाठी सी लिंकचा महिन्याचा पास एका फेरीच्या ५० पट आहे, म्हणजे कारला ५०००, ज्याच्या महिन्यात दीडपटीची सवलत न मिळणाऱ्या खरोखर पन्नासच्या वर एकेरी खेपा होतात त्यानेच घ्यावा, बाकीच्यांना सुटी फेरी किंवा येऊन-जाऊनचा दरच परवडतो.

जास्त कटले, दोनदा कटले, किंवा गाडी पार्किंगमध्ये असताना कुठल्या तरी नाक्याचा एसएमएस आला (हे होतं, विशेषतः नंबर हाताने टाकताना चुकतो तेव्हा), तर तक्रार नाक्यावर करायची नाही, टॅग देणाऱ्या बँकेकडे करायची. बँकेच्या फास्टॅग अॅपमध्ये त्या व्यवहारावर डिस्प्यूट टाकायचा, सोबत पुरावा, म्हणजे पावती, स्क्रीनशॉट, गाडी त्या वेळी दुसरीकडे होती असं दाखवणारं काहीही. तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. नॅशनल हायवेचा नाका असेल तर १०३३ या हेल्पलाइनवरही सांगता येतं. पैसे परत यायला वेळ लागतो, पण येतात, शंभर रुपयांसाठी कोण डोकं लावणार म्हणून सोडून देऊ नका, कारण चुकीचा वर्ग किंवा चुकीची नोंद एकदा राहिली की ती दरवेळी कापत राहते.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी तर एसएमएस वाचायलाच हवा. २२ ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक कार आणि बसना टोलमाफी आहे, एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवरही आहे. सुरुवातीला माफी असूनही पैसे कटत असल्याच्या भरपूर तक्रारी झाल्या, पार विधानसभेपर्यंत गेलं ते. तुमच्या आरसीवर आणि वाहन पोर्टलवर इंधनाच्या रकान्यात इलेक्ट्रिकच लिहिलंय ना ते तपासा, आणि तरी कटले तर वर सांगितलं तसं डिस्प्यूट टाका. टॅग मात्र इलेक्ट्रिक गाडीलाही लागतोच, माफी आहे म्हणून टॅग काढून टाकू नका, गाडी ओळखायची कशावरून मग.

फसवणुकीबद्दल दोनच गोष्टी. केवायसी संपलीये, आत्ता या लिंकवर भरा, असा एसएमएस आला तर लिंक उघडायची नाही, बँकेचं अॅप स्वतः उघडून बघायचं, आणि कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधायचा नाही, टॅगवर किंवा अॅपमध्ये असतो तोच लावायचा. दुसरं, तो काच पुसणारा मुलगा घड्याळाने टॅग स्कॅन करून पैसे काढतो असा व्हिडिओ २०२२ पासून व्हॉट्सअॅपवर फिरतोय आणि अजून मोठी माणसं घाबरून टॅगवर कागद लावतात. ते खोटं आहे, एनपीसीआयने तेव्हाच सांगितलंय, टॅगमधले पैसे फक्त नोंदणी झालेल्या टोलनाक्याला आणि पार्किंगला त्यांच्या ठरलेल्या जागेवरूनच घेता येतात, माणसाकडून माणसाकडे जातच नाहीत. सिग्नलवरच्या पोरांना उगाच चोर ठरवू नका.

निघायच्या आदल्या रात्री स्टेटस बघितलं आणि टॅग बंद निघाला, आता काही होणं शक्य नाही, तर पुलाचा हट्ट सोडा. नवी मुंबईकडून येताय तर वाशीच्या पुलाने या, कारला तिथे टोलच नाही, वेळ जास्त लागेल पण दंड नाही. बांद्र्याहून दक्षिणेला जायचंय तर माहीम-दादरचा रस्ता आहेच, सकाळी लवकर निघा म्हणजे झालं. दवाखान्याची अपॉइंटमेंट वगैरे असेल आणि पुलाने जाणं भागच असेल तर डबल टोलचे पैसे सुटे हाताशी ठेवा आणि मनाची तयारी ठेवून जा, नाक्यावर दहा मिनिटं वाद घालून पेशंटला ताटकळत ठेवण्यात काही अर्थ नाही.

आणि गाडी विकलीत तर टॅग बंद करणं तुमचं काम आहे, एजंटचं नव्हे. पेपर ट्रान्सफरला टाकायच्या दिवशीच बँकेच्या अॅपमधून टॅग बंद करायची रिक्वेस्ट टाका, काचेवरचा स्टिकर नखाने नाहीतर ब्लेडने स्वतः काढा, शिल्लक आणि डिपॉझिट खात्यात आलं का ते बघा. नाहीतर नवीन मालक अटल सेतूवरून फिरत राहतो आणि पैसे तुमच्या खात्यातून जातात, वर ऑटो रिचार्ज लावलेला असेल तर ते कळतही नाही. ऑटो रिचार्जचं मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, वेगळं असतं, टॅग बंद केला म्हणून ते आपोआप बंद होतंच असं नाही, यूपीआय अॅपमध्ये जाऊन तेही रद्द करा.